पगाराचं मूळ

"बाबा, पहिला पगार," म्हणत लेकीने पाकीट टेबलावर ठेवलं. बाबांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

बाबांचा सारा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची मुळं खणण्यात गेला होता. त्यांची लेक कॉलेज सोडून गॅरेजात गाड्यांखाली झोपते, हे काही त्यांच्या पचनी पडत नव्हतं. तिने कॉलेज सोडलं त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. आज पाकिटाला हात लागला नाही, तर ती मैत्रिणीकडे राहायला जाणार होती. भरलेली बॅग दाराशी होती. बाप हट्टी, लेक त्याहून हट्टी. आईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

पण नवऱ्याची एक खोड तिला पक्की ठाऊक होती. शब्दाचं काही विचारलं, की या माणसाला गप्प बसवत नसे. दात काढायला गेले, तेव्हाही तोंड उघडं ठेवून डॉक्टरांना 'दवाखाना' समजावत होते.

"अहो," ताट पुसता पुसता ती म्हणाली, "पगार हा शब्द आपला की बाहेरचा?"

"बाहेरचा," वर्तमानपत्रामागून लगेच उत्तर आलं. "पोर्तुगीज. पैसे चुकते करणं."

"आणि त्यांच्याकडे कुठून आला?"

"लॅटिनमधून. तिथे मूळ अर्थ..."

बाबा थबकले. वर्तमानपत्र खाली आलं. बायको कोरडं ताट भलतंच मन लावून पुसत होती. स्वतःचा पहिला पगार तिच्या हातात देताना हा अर्थ त्यांनीच तिला सांगितला होता.

"काय अर्थ, बाबा?" लेकीने विचारलं.

"शांत करणं," बाबा हळूच म्हणाले. "रागावलेल्याची समजूत घालणं."

आईचे डोळे भरून आले. आता घेतील पाकीट, तिला वाटलं. पण बाबा उठले, पाकिटाकडे न बघता आतल्या खोलीत निघून गेले. लेकीने ओठ आवळले आणि बॅग उचलली.

तेवढ्यात बाबा परत आले. डोळ्यांवर चष्मा, एका हातात पेन, दुसऱ्या हातात कोऱ्या कागदांचा गठ्ठा.

"बस इथे," ते लेकीला म्हणाले. "गॅरेजात कशाकशाला काय म्हणता, ते सगळं सांग. आमच्या कोशात त्यातलं काहीच नाही."