तिसरी फांदी

"हिला आता तुमच्याकडे पाठवणार नाही, अण्णा," बाप म्हणाला. "शाळा सुटली की पाळणाघर. विषय संपला."

प्लास्टरच्या खोलीत चौघंच होते. नऊ वर्षांची मुलगी उंच टेबलावर पाय सोडून बसली होती, डावा हात उशीवर. एका बाजूला तिचा बाप, कामावरून तसाच धावत आलेला, गळ्यात ओळखपत्र. दुसऱ्या बाजूला त्याचे वडील, सदऱ्यावर मातीचे डाग. आणि प्लास्टरवाल्या बाई, बादलीतलं पाणी कोमट आहे का ते बोट घालून बघत होत्या. बावीस वर्षं त्या लोकांचे हातपाय गुंडाळत आल्या होत्या. टेबलाशेजारची भांडणं त्यांना नवीन नव्हती.

"कुठून पडलीस गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"झाडावरून. तिसऱ्या फांदीवरून." आवाजात रडू कमी आणि तिसरी फांदी जास्त होती.

"आमच्या मागच्या अंगणात आंबा आहे," आजोबांनी माहिती पुरवली. "आम्ही लहानपणी दिवसातून दोनदा पडायचो. माती चोळली की परत वर. सकाळी बाहेर पडलेलं पोर दिवेलागणीला घरी. कुठं होतास, असं कुणी विचारायचं नाही."

"पडलो तरी नाक वर," बाप भिंतीकडे बघत पुटपुटला. त्यानं या मुलीसाठी हेल्मेट आणलं होतं, गुडघ्यांचे पॅड आणले होते, घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलं होतं. झाडाला काय चिकटवणार?

बाईंनी हाताला कापूस गुंडाळला. "आजोबा, समोर या आणि हिची बोटं धरा. दोन्ही हातांनी. तुमचे हात पूर्ण सरळ करा."

आजोबांचा डावा हात सरळ झाला. उजवा कोपरातून वाकलेला तसाच राहिला.

"हा एवढाच होतो," ते म्हणाले.

बाईंची नजर हाडांवर असायची, मग ती कुणाचीही असोत. "कधीचं हे?"

"हिच्याएवढा होतो. भिंतीवरून पडलो." आजोबा हसले. बापानं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. ती भिंत, मागे लागलेलं कुत्रं, काठी घेऊन आलेला शेजारी. दर वेळी घरातले सगळे पोट धरून हसायचे.

"प्लास्टर नाही घातलं?"

"कसलं प्लास्टर? घरी सांगितलंच नाही." आजोबा अजून हसत होते, पण जरा कमी. "पडल्याचा मार वेगळा, सदरा फाटल्याचा वेगळा. महिनाभर डाव्या हातानं जेवलो. आठ भावंडं एका पंगतीला. आईला ताटं दिसायची, हात कुठले दिसणार?"

"दुखला असेल की."

"रात्री फार दुखायचा," आजोबा म्हणाले.

गोष्टीचा हा भाग बापानं कधी ऐकला नव्हता. त्यानं वडिलांच्या त्या हाताकडे पाहिलं. जन्मापासून रोज दिसणारा हात, पण नीट बघायची वेळ आज आली.

बाईंनी पट्टी बादलीत बुडवली, पिळली आणि गुंडाळायला लागल्या. "आता गरम लागेल हं. घाबरायचं नाही."

"मी खालीच उभा होतो रे," आजोबा मुलाला म्हणाले. आता ते हसत नव्हते. "हिचा पाय सटकला तसे दोन्ही हात पुढं केले. एक पोचला. हा नाही पोचला."

"आजोबांनी मला अर्धं झेललं," मुलगी म्हणाली. "नाहीतर डोकंच आपटलं असतं."

बाप बोलला तेव्हा भलतंच निघालं. "मला तुम्ही पहिल्या फांदीवरसुद्धा चढू दिलं नाहीत. तळहातावरच्या फोडासारखं जपलंत. सगळी पोरं वर आणि मी खाली त्यांच्या चपला राखत. आणि हिला तिसरी फांदी?" चाळिशी ओलांडलेला माणूस चक्क रुसला होता, आणि ते त्याचं त्यालाही कळलं.

"तुझ्या वेळी मी बाप होतो," आजोबा म्हणाले. "तू झाडाजवळ गेलास की माझा हा हात ठणकायचा."

बाईंनी शेवटची पट्टी दाबून बसवली आणि कडेवरून ओला अंगठा फिरवला. "सहा आठवडे. भिजवायचं नाही. बोटं सुजली किंवा निळी पडली तर लगेच घेऊन यायचं." मग त्यांनी बापाला विचारलं, "साहेब, तुम्हाला कुणी कळवलं?"

"हिनंच. अण्णांच्या फोनवरून. बाबा, मी पडले, ये, म्हणाली."

"मग हिचा हात सरळ राहील," बाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

मुलीनं प्लास्टरवर टिचकी मारून बघितली. "सहा आठवडे झाले की मग?"

आजोबा फरशीकडे बघत राहिले. आपल्याला विचारलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मग आजोबांकडे," बाप म्हणाला. "पण झाडाखाली मी उभा राहणार."

"खाली कशाला? तिसऱ्या फांदीवर दोघं मावतात, बाबा. मी बघितलंय."

बापानं वडिलांकडे पाहिलं. परवानगी मागायचं वय केव्हाच सरलं होतं, तरी पाहिलं.

"चढ की," आजोबा म्हणाले. "मी आहे ना खाली."