गुडघ्याचा प्रकार

यंत्राने पाचव्यांदा तोच कृत्रिम गुडघा सुचवला, तेव्हा अभियंता सुनेत्रा थकून खुर्चीत मागे रेलली. समोर पखवाजवादक दत्तोबा गुरव बसले होते.

"यात मांडी घालता येईल का, बाई?"

"नाही. लांबी, जाडी यंत्र केसभर बदलून बघतं. सांध्याचे प्रकार मात्र तीनच, त्यातला चालायला उत्तम तोच ते निवडतं."

"मला चालून कुठं जायचंय?"

यंत्राची निवड डावलली की अभियंत्याचा परवाना वर्षभर निलंबित होई. तरीही सुनेत्राने मांडी घालता येईल असा सांधा स्वतः निवडला, बाकीची मापं यंत्राकडून नव्याने काढून घेतली आणि आराखड्याखाली स्वतःची सही केली.

महिन्याभराने दत्तोबा मांडी घालून पखवाज वाजवू लागले. समोर बसून ऐकता ऐकता परवाना गेलेल्या सुनेत्राला कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली. दत्तोबांनी हात हलका केला, पण थांबवला नाही.