नाकावरची पट्टी

नाकाचं ऑपरेशन करणार असं मी इन्स्टाग्रामवर जाहीर करून बसले आणि ऐनवेळी दवाखान्याच्या जिन्यावरूनच पळाले. आता मैत्रिणींना काय तोंड दाखवणार? आमच्या तेहरानात पोरी ऑपरेशननंतरची पट्टी नाकावर दागिन्यासारखी मिरवतात. मीही औषधांच्या दुकानातून पट्ट्या आणून चिकटवल्या. फोटोला चारशे बदाम पडले. तीन आठवड्यांनी हॉस्टेलात चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर, पट्टी सोलून काढली. “अय्या, काय नाजूक झालंय!” माझ्या खोलीतली शीवा किंचाळली. “आधी नुसतं वांगं होतं!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला हसू आवरेना. “बयांनो, हे तेच वांगं आहे. सुरीसुद्धा लागलेली नाही त्याला.” शीवानं माझं नाक चिमटीत धरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कोपऱ्यात बसलेल्या परस्तूचं नाकाचं ऑपरेशन शनिवारी होतं. ती आपल्या नाकावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, “पट्ट्या उरल्यात का गं?”