मुलाकडची की मुलीकडची?

"काकू, तुम्ही मुलाकडच्या की मुलीकडच्या?"

शेवटच्या रांगेत बसलेल्या बाईंनी मान वर केली. मांडीवरची कापडी पिशवी तेवढी आणखी पोटाशी ओढली.

हा प्रश्न विचारायची पैज शर्मिष्ठाने आणि बाकीच्या मैत्रिणींनी लावली होती. दहावीत गेल्यापासून समीक्षा तावडे कुठल्याच पैजेला नाही म्हणत नव्हती. शिवाय हल्ली तिला सगळ्याचाच संशय यायचा. बिल्डिंगच्या खाली मासळी मार्केट असताना बाबा दर रविवारी रिक्षा करून बोरिवलीहून मासे का आणतात, हीसुद्धा तिची एक न सुटलेली केस होती. विचारलं की बाबा म्हणायचे, "खाली ताजं मिळत नाही."

आजची केस मात्र गंभीर होती. तिच्या मोठ्या बहिणीचं, दीप्तीताईचं लग्न सकाळी अकरा बेचाळीसला लागलं. रिसेप्शन सातला. मधल्या वेळात माणसांनी काय करायचं, हे पत्रिकेत कुणी छापलं नव्हतं. तीनपर्यंत पंगती उठल्या. जवळचे घरी झोपायला गेले, गावचे पाहुणे वरच्या खोल्यांत गाद्यांवर आडवे झाले. डेकोरेशनवाले स्टेजवरचा झेंडू उतरवायला लागले. आणि तेव्हा दिसल्या या बाई. चारशेच्या गर्दीत कुणाच्या नजरेत आल्या नसत्या. पण रिकाम्या खुर्च्यांच्या हॉलमध्ये एकटंच माणूस, तेही नवरीच्या खोलीच्या बरोब्बर समोर! दार उघडलं की यांची मान लांब. खोलीत ताईचे सगळे दागिने.

"चोर आहे यार," शर्मिष्ठा कुजबुजली होती. "पिशवी बघ ना, सोडतच नाहीये."

समीक्षाने आधी रीतसर चौकशी केली होती. ताईच्या सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडच्या ना गं त्या? मी आग्रह करून जिलेबी वाढली त्यांना." आई गडबडीत मान वर न करताच म्हणाली, "मुलाकडच्या असतील." बाबा म्हणाले, "मुलाकडची आहे. विचारायला जाऊ नकोस, वाईट दिसतं."

बाबांनी तिकडे बघितलंसुद्धा नव्हतं. न बघता कसं कळलं? सकाळपासून वॉचमनलाही 'जेवलात का' विचारत फिरणारे बाबा त्या शेवटच्या रांगेकडे एकदाही फिरकले नव्हते. समीक्षाच्या डोक्यात ते टोचत होतं.

"काकू, सांगा ना."

"बस गो, समीक्षा."

समीक्षा एक पाऊल मागे सरली. "माझं नाव कसं माहीत तुम्हाला?"

"दप्तर एकाच खांद्याला अडकवतेस. दुखत नाही?" बाईंचा आवाज घोगरा होता, दिवसभर ओरडून बसल्यासारखा. "क्लासवरून पावणेसहाला येतेस. बुधवारी उशीर होतो."

"तुम्ही माझ्यावर नजर ठेवता?"

"ठेवते की. बालवाडीपासून. मार्केटच्या गेटाशीच माझी माशांची पाटी असते."

"खालच्या मार्केटात? पण आम्ही तर…"

"बोरिवलीहून घेता. साडेनऊची रिक्षा." बाई हसल्या. वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला. समीक्षा तो दात रोज बघत होती, घरी, बाबांच्या तोंडात. आणि तो 'गो'. गावच्या सुरातला. तिला अशी हाक फक्त बाबा मारायचे.

बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून झाकण उचललं. सुकटाची चटणी. लग्नाच्या हॉलमध्ये!

"दीप्ती चार वर्षांची होती. भाकरी नको, भात नको, नुसती ही चटणी. माझ्या मांडीवर बसून बोटाने खायची. मग मी मढच्या कोळ्याशी लग्न केलं, पाटी घेऊन बसले. तुझ्या बाबाला त्याची लाज…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "काल येता-जाता हॉलच्या बोर्डावर नाव वाचलं. म्हटलं, गर्दीत कोण विचारतंय. एकदा जवळून बघते, डबा देते नि जाते."

"मग जा ना आत! समोर तर दार आहे."

"तो तिथे उभा आहे तोवर कशी जाऊ?"

समीक्षा वळली. जिन्यापाशी बाबा पाहुण्यांची यादी वाचत उभे होते. यादी उलटी होती.

बाई उठल्या. डबा त्यांनी समीक्षाच्या हातात ठेवला. "निघते. संध्याकाळचा धंदा चुकवून नाही चालत."

"नाव तरी सांगा!"

"मालन." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "आणि तू विचारलंस ना मघाशी? मुलीकडची."

त्या बाबांच्या समोरून गेल्या. बाबांनी यादी आणखी वर धरली.

"काय झालं? पकडलंस?" शर्मिष्ठा धावत आली. समीक्षा थेट नवरीच्या खोलीत शिरली. अर्धा अंबाडा घातलेल्या दीप्तीताईने डब्यात बोट बुडवलं, चाटलं, आणि मेकअपवाली ओरडेपर्यंत रडत राहिली.

पावणेसातला हॉल पुन्हा उजळला. आई-बाबा दाराशी उभे होते, स्वागताला, फोटोसाठी हसून.

"कुठे होतीस गं?" आई म्हणाली. "ते गुलाबांचं तबक धर."

समीक्षाने तबक घेतलं. मग बाबांच्या बरोब्बर समोर जाऊन उभी राहिली.

"आई, बाबा, मी एक ठरवलंय."

"आत्ता?" बाबा म्हणाले. नजर दाराबाहेर.

"आत्ता. या रविवारपासून मासे मी आणणार. खालच्या मार्केटातून, मालनआत्याकडून."