केंद्र चालू राहावं म्हणून

गौतमपुऱ्याजवळच्या गावांत निशिगंधाची संस्था कुपोषित मुलांसाठी पोषण केंद्र चालवायची. सरकारी अनुदान पुढंही मिळावं, एवढंच सांगायला ती इंदूरच्या ऑफिसात गेली. साहेबांनी तिला आग्रहानं चहा पाजला.

"काम एकदम बढिया केलंत, निशिगंधाजी. तुमच्या गावांत आता कुपोषित मूल शोधूनही सापडत नाही. मग केंद्राची जरूरत काय? अनुदान आता दुसरीकडे देऊ."

"पण सर, केंद्र चालू आहे म्हणून तर मुलं धडधाकट आहेत. बंद झालं की परत खंगतील."

"तशी एखादी केस निघाली तर लगेच या. मग बघू आपण."

पुढच्या आठवड्यात ती गावात तपासणीला बसली. एकामागून एक गुटगुटीत मुलं काट्यावरून उतरत होती आणि तिचा चेहरा पडत चालला होता. शेवटी सुगनाबाईनं आपलं तान्हं बाळ काट्यात ठेवलं. त्याचं वजन बरंच घटलं होतं. आकडा पाहिला आणि निशिगंधाचा जीव भांड्यात पडला.

तिच्या तोंडाकडं टक लावून उभी असलेली सुगनाबाई एकदम हसली.

"बढ़ गया ना वजन, दीदी?"