सात दिवस ओलं ठेव

फोटो उघडला आणि राजाभाऊंनी कपाळाला हात लावला. काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते. आतली खडी दात विचकल्यासारखी वर आली होती. खाली वैभवीने लिहिलं होतं, 'बाबा, पॅटिओ गेला. तुम्ही सांगितलं तसंच केलं होतं. आता तुम्हीच येऊन नीट करून द्या.'

"काय म्हणतेय?" सुनेत्राबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," राजाभाऊ म्हणाले.

काही नाही कसं? या माणसाची सव्वीस वर्षं इथे आखातात, रास अल खोरच्या लॅबमध्ये काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजण्यात गेली होती. राजाभाऊंनी 'फेल' लिहिलं की भलेभले इंजिनियर "हबीबी, परत एकदा बघ ना" करत चहा घेऊन यायचे. मग दोन हजार आठची मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या. ओतायला काँक्रीट नाही, तर फोडायला ठोकळे कुठून येणार? वर्षभर तग धरून लॅबने नोटिसा वाटल्या. खलास. आता मार्चअखेर राजाभाऊंचा व्हिसा संपत होता आणि अल कुसैसचा फ्लॅट रिकामा करायचा होता. तिथून पुढे कुठे, यावर घरात रोज तोंडाला तोंड.

सुनेत्राबाईंना जायचं होतं कॅल्गरीला, लेकीकडे. कॅनडाचा व्हिसा जानेवारीतच पासपोर्टात येऊन पडला होता. मेमध्ये नात पाच वर्षांची होणार. तिचा केक सुनेत्राबाईंना आपल्या जुन्या नागमोडी कडेच्या साच्यात करायचा होता. वैभवीचे सगळे वाढदिवस त्याच साच्यातले. राजाभाऊंच्या हातून पडून त्याला चांगला पोचा आला होता, तरी पोरीने लग्नानंतर तो हट्टाने कॅनडाला नेला होता. पण राजाभाऊंचं एकच पालुपद.

"पुण्याला जाऊ. नोकरी गेली म्हणून जावयाच्या घरी तळ ठोकणाऱ्यातला मी नाही."

नात फोनवर विचारायची, "आजोबा, व्हेन आर यू कमिंग?" हे "इन्शाल्ला" म्हणून फोन बायकोच्या हातात द्यायचे.

त्यात हे पॅटिओचं प्रकरण. ऑक्टोबरात वैभवीचा फोन आला. घरामागे काँक्रीटचं अंगण करायचंय, तिकडे त्याला पॅटिओ म्हणतात. कसं करू, बाबा? नोटीस मिळाल्यापासून राजाभाऊंना कुणी काही विचारलेलं नव्हतं. ते असे काही खुलले की पाऊण तास फोन सोडला नाही.

"पाण्यात बर्फ टाक. ऊन उतरल्यावरच ओत. वर ओलं गोणपाट घाल आणि सात दिवस ओलं ठेव. मध्ये सुकलं की तडे गेलेच समज."

वैभवीने सगळं ऐकून घेतलं. एकदाही मध्ये बोलली नाही.

चार दिवसांनी फ्रीझरमध्ये विसरलेली पाण्याची बाटली फुटलेली सापडली, आणि ती हातात धरताच राजाभाऊंना आपली चूक उमगली. जन्मभर त्यांनी काँक्रीटला उन्हापासून जपलं होतं. कॅल्गरीत ते थंडीपासून जपायला हवं होतं. ऑक्टोबरात तिथे रात्री पाणी गोठतं, आणि आपण पोरीला पाण्यात आणखी बर्फ टाकायला सांगितला. त्यांनी घाईघाईने फोन लावला.

"झालं की, बाबा," वैभवी म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच."

चूक झाली म्हणायला राजाभाऊंची जीभ रेटेना. मग हिवाळाभर त्यांनी एक वही भरून काढली. कोमट पाणी. मिश्रणात हवेचे बारीक बुडबुडे सोडणारं औषध. खाली वीतभर खडी, घरापासून बाहेर उतार, वरून ब्लँकेट. वही कपाटात ठेवून ते या फोटोची वाट बघत होते.

शेवटी तो आलाच. लाजेने त्यांचे कान तापले. पण फुटलेला ठोकळा चारी बाजूंनी बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही जुनी खोड. त्यांनी फोटो मोठा केला. पापुद्रे बघितले. मग फोटोच्या कोपऱ्यात थोडीशी आलेली कड बघितली. कडेला नागमोडी वळणं होती आणि एका वळणात तोच ओळखीचा पोचा होता, त्यांच्या हातून पडलेल्या साच्याचा. त्या फुटक्या तुकड्याखाली दुसरंच काँक्रीट दिसत होतं, सपाट, पाय घसरू नये म्हणून झाडूच्या रेघा ओढलेलं, घरापासून बाहेर उतार दिलेलं. त्याचा एक टवकासुद्धा उडाला नव्हता. वहीत लिहिलं होतं अगदी तसं, आणि वही तर वैभवीने पाहिलीही नव्हती.

राजाभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाऊण तास पोरीने सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. बाबा, हे चुकतंय, असं एका शब्दाने म्हणाली नव्हती. त्यांना भरून आलं. सव्वीस वर्षांत एखादा ठोकळा फेल झाल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

सुनेत्राबाई हात पुसत दारात आल्या. "अहो, मग काय कळवू तिला? पुण्याचीच तिकिटं काढायची ना?"

"पुण्याची कशी? अख्खा पॅटिओ गेलाय म्हणते ती. मी सांगितलं म्हणून गेला, म्हणजे जबाबदारी माझी. कॅल्गरीची काढ."

सुनेत्राबाई यांचा विचार बदलायच्या आत फोन करावा म्हणून लगबगीने वळल्या.

"आणि हे बघ," कॉम्प्युटर बंद करत राजाभाऊ मागून म्हणाले, "केकचा साचा इथूनच नवा घेऊन जाऊ. तिच्याकडचा आता कामाचा राहिला नसेल."