तपकिरी मळ

दोन्ही नळ्या पाण्यासारख्या नितळ होत्या, आणि तिला दरदरून घाम फुटला.

"झकास!" सर म्हणाले. "निरोगी माणसाची नळी आणि तुझ्या भाचीची नळी, काडीचा फरक नाही. देऊ देत पोरीला बिनघोर किरण."

पोरीच्या मानेत गाठ होती. किरण गाठीतला डीएनए तोडतात, आणि शेजारच्या धडधाकट पेशींचाही. धडधाकट पेशी तो पुन्हा सांधतात. पण सांधणाऱ्या प्रथिनाच्या पोटात लोखंड आणि गंधकाचा एक कण बसवलेला लागतो. तो नसला, तर ते प्रथिन म्हणजे दोऱ्याविना सुई. पोरीच्या पेशींत हा कण बसवणारा कारागीरच बिघडलाय, असा डॉक्टरांना संशय होता; तसं असलं, तर किरण गाठीबरोबर पोरीलाही मारणार.

दोन्ही नळ्यांत पेशींतून काढलेलं हेच प्रथिन होतं, आणि लोखंड म्हटलं की तपकिरी रंग आलाच. मग निरोगी नळीत तो गेला कुठे?

तिनंच धुऊन टाकला होता. प्रयोगशाळेत तिला 'वॉशिंग मशीन' म्हणत. धुण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तपकिरी झाक दिसली की मळ समजून ती उघड्या हवेत धू धू धुवायची. आणि हवा लागली की तो कण मरतो, रंगही जातो. नळ्या सारख्या होत्या, कारण तिनं दोन्हींचा सारखाच जीव घेतला होता. अन् या गाढवपणाला सगळे शुद्धता म्हणत होते!

"सर, पुन्हा करते. हवाबंद पेटीत. न धुता."

"अगं, सगळं जग मळ काढतं, तू मळ शोधतेस? कर. माझा रिपोर्ट मात्र गेलाय. शुक्रवारी किरण सुरू."

शुक्रवार उजाडला. तिनं पेटीच्या हातमोज्यांत हात घातले. निरोगी नळी कोऱ्या चहासारखी तपकिरी उतरली. म्हणजे या वेळी कण जिवंत होता. आता भाचीची उतरत होती.

तेवढ्यात फोन वाजला. तिनं एक हात ओढून काढला. धाकटी बहीण होती.

"ताई, तिला आत घेतलंय गं. टेबलावर झोपवलंय. डॉक्टर विचारतायत, तू पुन्हा करतेयस त्या नळीचं काय? स्वच्छ आहे ना?"

ताईनं भाचीची भरलेली नळी पेटीच्या काचेपाशी धरली. आरपार हातमोज्यातली स्वतःचीच बोटं दिसली.

"स्वच्छ आहे," ती किंचाळली. "पाण्यासारखी स्वच्छ! उठव तिला, आधी उठव तिथून!"